घेवड्याचा वेल आणि नाताळची सुटी

दत्तजयंतीच्या सप्ताहात कीर्तनकारास उसंत नसते. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत कृष्णा-पंचगंगेच्या या परिसरात पारायण, भजन, प्रवचन यांपैकी काहीच चाललेले नाही असे गाव शोधावेच लागेल. श्रीक्षेत्र नृसिंहवाडीच्या छायेत ज्याचा जन्म गेला, त्या आमच्यासारख्यास तर या दिवसांत कोणाचे निमंत्रण स्वीकारावे आणि कोणापुढे हात जोडावेत, हाच प्रश्न पडतो. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला आली होती. त्या सप्ताहात हातकणंगल्यास आमची कीर्तने होती आणि मुक्काम एका जुन्या स्नेह्यांच्या घरी होता. त्या घरी एका माउलीने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर त्या क्षणी आम्हांस नीट देता आले नाही. ते उत्तर द्यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

घर चांगले भरलेले. घरचे कर्ते तात्या, निवृत्त शिक्षक, पदरी थोडी उसाची शेती. त्यांच्या वडील भगिनी आक्का, वैधव्य आल्यापासून भावाकडेच असलेल्या. चिरंजीव शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला, आठवड्याला पाळी बदलणारे. सूनबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. नात आठवीत, नातू तिसरीत. देवधर्माला धरून असलेले, अतिथीला पाठीमागे न धाडणारे असे हे घर. अशी घरे आजही हातकणंगल्यात गल्लोगल्ली आहेत आणि आम्हां कीर्तनकारांचे पोट त्यांच्याच पुण्याईवर चालते, हे सांगण्यात आम्हांस संकोच नाही.

भिंतीवरची दिनदर्शिका

स्वयंपाकघराच्या दाराशी दिनदर्शिका टांगलेली होती. डिसेंबरचे पान पाहून आम्ही थक्क झालो. पंचांगकर्त्याने आपल्या बारीक अक्षरात तिथी, नक्षत्रे आणि सण छापलेले; आणि त्या अक्षरांच्या खाली, वर, कडेला, जेथे म्हणून जागा मिळेल तेथे सूनबाईंनी पेन्सिलीने लिहिलेले. १४ तारखेला 'पहिला गुरुवार' आणि त्याखाली 'नाचाचे कपडे आणणे'. १८ ला चंपाषष्ठी, खाली 'वांगी, बाजरीचे पीठ' आणि शेजारी 'सहलीचे पैसे'. २० ला 'तात्यांचे पारायण सुरू'. २१ ला दुसरा गुरुवार, त्यातच शाळेचे स्नेहसंमेलन. २२ ला मोक्षदा एकादशी, म्हणजे गीताजयंती; खाली 'उत्तरपत्रिका तपासून देणे'. मधेच कोठेतरी 'तोड येणार?' असे प्रश्नचिन्हासह. २५ ला नाताळ, त्याखाली नातवाच्या वेड्यावाकड्या अक्षरात 'लाल टोपी'. २६ ला दत्तजयंती. २८ ला पुन्हा गुरुवार.

साऱ्या पानावर एकही चौकोन कोरा नव्हता. प्रपंच आणि परमार्थ यांची सांगड घालावी, असे आम्ही कीर्तनातून आजवर शेकडो वेळा सांगितले असेल. ती सांगड प्रत्यक्षात घालावी लागते म्हणजे काय करावे लागते, ते त्या पानावर लिहिलेले होते.

'तोड' हा शब्द परगावच्या वाचकांसाठी उलगडला पाहिजे. आमच्या या भागात कारखान्यांची धुराडी पेटली की गावांचे घड्याळच बदलते. उसाला तोड केव्हा मिळेल हे शेतकऱ्याच्या हाती नसते. कारखान्याच्या क्रमपाळीने टोळी येते ती सांगून येतेच असे नाही. ती आली की घरातल्या माणसाने फडावर उभे राहिलेच पाहिजे, मग त्या दिवशी एकादशी असो की मुलाचे बक्षीस समारंभाचे नाव पुकारले जाणार असो. त्या वर्षी तोड नेमकी पारायणाच्या दुसऱ्या दिवशी आली. तात्या आसनावर बसलेले, चिरंजीवांची दुसरी पाळी. फडावर धावल्या त्या सूनबाई, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

पारायण कोणाचे?

तो दिवस मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारचा. सूनबाई पहाटे चारला उठल्या. सप्ताह-पारायण करणाऱ्यास हविष्यान्न लागते, तेही सोवळ्यात शिजवलेले. ते त्यांनी केले. मुलांचे डबे भरले. महालक्ष्मीचा घट मांडला, पाच पत्री आणून कलशात घातल्या, नारळ ठेवला. स्वतःला उपवास. मग शाळा, शाळेतून फड, फडावरून पुन्हा स्नेहसंमेलनाचा मंडप. नातीचा नाच सहाव्या क्रमांकावर होता. तो पाहून घरी आल्या तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. नैवेद्याचा स्वयंपाक केला आणि मग घटासमोर पोथी घेऊन बसल्या. आम्ही त्याच वेळी कीर्तनासाठी मंदिराकडे निघालो होतो.

रात्री परतलो तो त्या आमची वाट पाहत उंबऱ्याशी उभ्या होत्या. खाली मान घालून म्हणाल्या, "बुवा, पोथी वाचता वाचता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा निरांजन शांत झालं होतं. दोष लागेल का हो?"

आम्ही शास्त्र शिकलेले. उत्तर जिभेवर तयारच होते. म्हणालो, "क्षमाप्रार्थना म्हण, पुन्हा दिवा लाव आणि राहिलेली कथा पुरी कर." त्यांनी निमूटपणे मान हलवली, दिवा लावला आणि रात्री साडेदहा वाजता पुन्हा पोथी उघडली. आम्ही हातपाय धुऊन पानावर बसलो. अन्न गरम होते. ते कोणी, केव्हा गरम केले, याचा विचार आमच्या मनात अंथरुणावर पाठ टेकल्यावर आला आणि मग झोप म्हणून लागली नाही.

मासांमध्ये श्रेष्ठ मास

मार्गशीर्षाचे माहात्म्य आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी महिन्यांमध्ये मार्गशीर्षालाच आपले रूप म्हटले आहे. या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र मृगशीर्ष नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून त्याचे हे नाव. याचे दुसरे जुने नाव आग्रहायण. हायन म्हणजे वर्ष, त्याच्या अग्रभागी असणारा तो आग्रहायण. म्हणजे कोणे एके काळी आपले वर्ष येथून मोजले जात असावे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' या ग्रंथात वेदकालाचा जो विचार केला, त्यात मृगशीर्षाच्या या प्राचीन स्थानास मोठे महत्त्व आहे. गंमत अशी की डिसेंबर या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'दहा' हा अर्थ आहे. रोमन लोकांचा तो एके काळी दहावा महिना. पुढे तो बारावा झाला, नाव मात्र तेच राहिले. एकीकडे वर्षारंभाचा मान असलेला आमचा महिना, दुसरीकडे वर्ष आटोपते घेणारा पाश्चात्त्यांचा. आमच्या घरांतून हे दोन्ही महिने एकाच भिंतीवर आणि एकाच गृहिणीच्या डोक्यावर नांदत आहेत.

त्यांचा मेळही दरवर्षी सारखा बसत नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ चे. म्हणून आपले सण दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतात आणि सुमारे ३२-३३ महिन्यांनी येणारा अधिकमास त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ साली २६ डिसेंबरला आलेली दत्तजयंती २०२४ साली १४ ला आणि २०२५ साली ४ ला आली. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती पुन्हा २३ डिसेंबरवर जाते. परंतु धनुर्मास मात्र सौर गणनेचा. सूर्य सुमारे १६ डिसेंबरला धनू राशीत जातो आणि १४-१५ जानेवारीस मकरेत. म्हणजे नाताळची सुटी कोणत्याही वर्षीची असो, ती धनुर्मासातच पडते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचे प्रयोजन पुढे येईल.

लाल टोपीचा वाद

त्या घरी आणखी एक लहानसा वाद चालू होता. नातवाच्या शाळेत नाताळनिमित्त मुलांना लाल टोपी घालून बोलावले होते. तात्यांना ते रुचले नव्हते. "दत्ताचा सप्ताह घरात, आणि पोरगा टोपी घालून नाचणार?" हा त्यांचा सवाल. आमच्याकडून त्यांना पाठिंबा अपेक्षित होता. आम्ही तो दिला नाही. का, ते सांगतो.

ख्रिस्ती बांधव आमच्या या भागाला परके नाहीत. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन इस्पितळाच्या पायऱ्या आमच्या जिल्ह्यातील कितीतरी कर्मठ घरांनी चढल्या आहेत. मराठी भाषेचा विचार केला, तर गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण ओवीतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ती उपासनेत आमचे कीर्तनच नेले. जो मनुष्य धर्म बदलूनही टाळ-चिपळ्यांची गोडी सोडू शकला नाही, त्याच्या सणाचे आम्हां कीर्तनकारांस भय कशाचे? आमच्या माहितीतील एका ख्रिस्ती कुटुंबात चोवीस तारखेच्या रात्री आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सारे एकत्र देवळात जातात. स्वयंपाकघरात कोणी मागे राहत नाही. ते ऐकल्यापासून आमच्या मनात एकच विचार घोळत राहिला: आमच्या घरातले सारेजण एकाच वेळी देवासमोर शेवटचे कधी बसले होते?

नातवाने टोपी जरूर घालावी. एका सकाळच्या टोपीने दत्तभक्ती उणी होत नाही. ती उणी होते ती घरात सण असून घर एकत्र नसले म्हणजे. सप्ताह चालू असताना त्या घरी आजोबा एका खोलीत पोथीत, चिरंजीव कारखान्यात, नात तालमीत, नातू दूरदर्शनसंचासमोर, आक्का माजघराच्या कोपऱ्यात आणि सूनबाई सर्वत्र. तात्यांनी टोपीकडे पाहिले, आम्ही त्यांना म्हणालो, "तात्या, टोपी राहू द्या. सप्ताह सुरू झाल्यापासून आपण सगळे एका पंक्तीला जेवलात का?" तात्या बराच वेळ बोलले नाहीत.

दाराशी आलेली म्हातारी

ज्या कथेवर सूनबाईंचा डोळा लागला, ती कथा वाचकांच्या घरोघरी मार्गशीर्षात वाचली जाते. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, त्यांची कन्या शामबाला. साक्षात महालक्ष्मी म्हाताऱ्या बाईचे रूप घेऊन राजवाड्याच्या दाराशी येते आणि ऐश्वर्याने मातलेली राणी तिचा अपमान करते. शामबाला मात्र तिच्यापुढे नम्र होते, व्रत समजून घेते आणि सुखी होते. कथेचा सारा भार या एका प्रसंगावर आहे. घट कसा मांडावा हे लक्ष्मीने सांगितले खरे, पण तिने परीक्षा घेतली ती दाराशी आलेल्या म्हातारीशी घरचे कसे वागतात याची.

आता त्या घरातल्या आक्कांकडे पाहा. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सुवासिनींना हळदीकुंकू, फळ, पोथीची प्रत. त्या दिवशी आक्का आपण होऊन माजघरात जाऊन बसतात. त्यांना कोणी घालवत नाही. पण 'आत्याबाई, बाहेर या' असेही कोणी म्हणत नाही. याच आक्का सूनबाईंच्या मागे वाती वळून, पत्री निवडून देतात. आमच्या जिल्ह्यातल्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या वाट्यास येणाऱ्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग शासनाने तो साऱ्या राज्यापुढे आदर्श म्हणून ठेवला. एका खेड्याने जे केले ते एका घराला अवघड का असावे? म्हातारीचा अपमान करू नये हे सांगणारी कथा वाचावयाची आणि घरची म्हातारी आत बसवावयाची, याला व्रत कसे म्हणावे?

आमचाही अपराध

दुसऱ्याच्या घरातील दोष दिसले म्हणून आम्ही ते मांडले, असे वाचकांनी समजू नये. हातकणंगल्याहून घरी आल्यावर आम्ही ही सारी हकीकत आमच्या सौभाग्यवतींना सांगितली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "त्या पोरीला तुम्ही दिवा पुन्हा लावायला सांगितलात. तुम्ही लावायचा होतात." आणि थोड्या वेळाने, तांदूळ निवडता निवडता, सहज बोलल्यासारखे म्हणाल्या, "वाडीत एवढी वर्षं तुमचं घेवड्याचं आख्यान होतं. मी त्याचा उत्तररंग अजून ऐकलेला नाही. पूर्वरंग संपला की मला प्रसादाच्या स्वयंपाकाला उठावं लागतं."

कीर्तनात पूर्वरंग म्हणजे तत्त्वनिरूपण आणि उत्तररंग म्हणजे त्या तत्त्वाला धरून रंगविलेली कथा. चाळीस वर्षे आम्ही व्यासपीठावर उभे राहून लोकांना घरातल्या लक्ष्मीचा मान राखावयास सांगितले. आणि चाळीस वर्षे आमच्या घरची लक्ष्मी कथा सुरू होताच चुलीकडे जात राहिली. आम्हांस ते कधी दिसलेही नाही. शास्त्र पाठ असणे निराळे आणि डोळे उघडे असणे निराळे.

अमरापूरचा घेवडा

ज्या आख्यानाचा त्यांनी उल्लेख केला ते गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातले, आणि ते घडले याच कृष्णा-पंचगंगेच्या संगमापाशी. अमरापुरात एक दरिद्री ब्राह्मण राहत असे. कोरान्न मागून निर्वाह करी. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांवर कुटुंब दिवस काढी. श्रीनृसिंहसरस्वती एके दिवशी त्याच्या दारी भिक्षेस आले. घरात दाणा नव्हता. होती ती घेवड्याची भाजी. तीच त्यांनी भक्तीने स्वामींना वाढली. स्वामी संतोषले आणि जाता जाता त्यांनी तो वेल मुळाशी तोडून टाकला. घरात आकांत झाला. एवढाच काय तो आधार, तोही गेला! ब्राह्मणाने मात्र सर्वांचे सांत्वन केले आणि उरलेले मूळ काढून टाकावे म्हणून खणू लागला, तो खाली द्रव्याने भरलेला कुंभ लागला.

आजवर आम्ही या कथेतून गुरुकृपेचे माहात्म्य सांगत आलो, आणि ते खरेच आहे. पण त्या रात्रीपासून कथेतले आणखी काही आम्हांस दिसू लागले. त्या कुटुंबाला वेलाचा आधार वाटत होता, आणि तोच वेल कुंभावर पसरलेला होता. आपल्या डिसेंबराचेही असेच झाले आहे. त्या पानावरची प्रत्येक नोंद घेवड्याच्या शेंगेसारखी. एकेक पाहिली तर उपयोगाची, टाकावी अशी एकही नाही. नाच हवा, सहल हवी, उपवास हवा, पारायण हवे. पण साऱ्यांचा मिळून जो वेल झाला आहे त्याच्या गुंत्याखाली घरचे सुख पुरले गेले आहे. कोणीतरी तो थोडा तरी तोडला पाहिजे. आणि हे काम घरातल्या कर्त्या पुरुषाचे आहे. सूनबाईंनी एखादा उपचार वगळला तर त्या आळशी ठरतील. तात्यांनी सांगितले तर तो घराचा निर्णय होईल.

शास्त्र काय सांगते?

येथे काही भाविक विचारतील, बुवा, व्रतात काटछाट करावयास तुम्हीच सांगता? आमचे उत्तर असे की शास्त्रकारांना माणसाच्या अडचणी आपल्याहून अधिक कळत होत्या. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला धर्मसिंधु हा ग्रंथ आजही आपल्या धर्मनिर्णयांचा आधार आहे. व्रताच्या बाबतीत असमर्थाला प्रतिनिधी चालतो, ही धर्मशास्त्राची जुनी व्यवस्था आहे. पती, पत्नी, पुत्र, बंधू, भगिनी यांनी एकमेकांसाठी व्रताचे अंग पार पाडावे. काम्य व्रताचा आरंभ शक्यतो स्वतः करावा. आरंभानंतर अडचण आली तर त्यातही प्रतिनिधी घेता येतो, असे मत आहे. पत्नी थकली असता पतीने पोथी वाचली तर व्रत मोडत नाही, हे आम्ही जबाबदारीने सांगतो. आश्चर्य असे की ही सवलत पुरुषांनी आजवर एकाच दिशेने घेतली: आपल्या वाट्याचे पत्नीकडून करवून घेण्यासाठी.

म्हणून आमच्या तीन सूचना. पहिली ही की मार्गशीर्षातल्या गुरुवारी पोथी घरातल्या सर्वांनी पाळीपाळीने वाचावी, मुलांनीही. आणि नैवेद्याला चार पदार्थांचा हट्ट नको. गूळखोबरेही देवीला पोचते. उद्यापनाच्या दिवशी पहिला मान घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला, मग ती सुवासिनी असो वा नसो.

दुसरी ही की जो पारायणाला बसेल त्याने संकल्प करण्यापूर्वी घरच्यांना विचारावे. आपल्या हविष्यान्नासाठी कोणाची झोप जाणार आहे, याचा हिशेब संकल्पातच धरावा. जमत नसेल तर सात दिवस फळे-दूध घ्यावे, किंवा स्वतः तांदूळ शिजवावेत. ज्याला सोवळ्यात सात दिवस बसता येते, त्याला सोवळ्यात भात करता आलाच पाहिजे.

तिसरी सूचना नाताळच्या सुटीची. ती कोठे आठवड्याची असते, कोठे एका २५ तारखेचीच. पण ती धनुर्मासात असते हे वर सांगितलेच. धनुर्मासात सूर्योदयाच्या सुमारास नैवेद्य दाखवून तेव्हाच जेवावयाचे, ही आपल्याकडची फार सुंदर रीत आता घरांतून नाहीशी होत चालली आहे. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, गूळ. थंडीत अंगाला जे हवे तेच देवाला दाखवलेले. सुटीतला एकच दिवस धरावा. आदल्या रात्री मुलांना अंगणात नेऊन पूर्वेकडे मृग नक्षत्र दाखवावे, त्यातला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली तळपणारा व्याध दाखवावा, आणि हा महिना त्यांच्यावरून ओळखला जातो हे सांगावे. पहाटे पुरुषांनी उठून चूल पेटवावी. घरातले सारे एका पंक्तीला बसावेत आणि त्या दिवशी गृहिणीचे पान सर्वांत आधी वाढले जावे. जमल्यास एक शिधा गावाबाहेरच्या ऊसतोडणी कामगारांच्या खोपीवर पोचवावा. मराठवाड्यातून मुलाबाळांसह आलेल्या त्या मंडळींच्या डिसेंबरात सुटीचा चौकोनच नसतो.

उत्तर

त्या वर्षी २६ तारखेला जन्मकाळ झाल्यावर आम्ही हातकणंगल्याहून निघालो, तेव्हा हे सारे तात्यांशी बोलून झाले होते. त्यांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. पुढल्या वर्षी दत्तजयंती १४ डिसेंबरला आली आणि आम्ही पुन्हा त्याच घरी उतरलो. भिंतीवरचे पान पूर्वीइतकेच भरलेले होते. तोडीचे प्रश्नचिन्हही तसेच. फरक एवढाच की काही नोंदी तात्यांच्या वळणदार अक्षरात होत्या, आणि २५ तारखेच्या चौकोनात लिहिले होते, 'पहाटे खिचडी – तात्या'. खिचडी लागली असे नातवाने पुढे आम्हांस कळवले. तरीही सर्वांनी खाल्ली, असेही कळवले. आक्का पंक्तीत मधोमध बसल्या होत्या.

आमच्या घरीही प्रसादाचे काम आता दोन चिरंजीव आणि शेजारची तरुण मंडळी पाहतात. आमटीत मीठ कधी अधिक पडते, कधी उणे. पण गेल्या सप्ताहात घेवड्याच्या आख्यानाला आमच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसल्या. कीर्तनानंतर आम्ही विचारले, "कसे झाले?" त्या म्हणाल्या, "कुंभ सापडल्यावर तुम्ही फार लांबवता."

तेव्हा सूनबाई, त्या रात्री दिले नाही ते उत्तर आता देतो. मुली, पोथीवर डोळा लागला याचा दोष तुला नाही. जगन्माता जर त्या घटापाशी होती, तर तिने निरांजन शांत झालेले पाहिले नसेल. लेकरू दमून झोपले एवढेच पाहिले असेल. दोष असेल तर तो त्या घरात जागे असूनही दिवा न लावणाऱ्यांचा आहे, आणि त्यांत हा कीर्तनकारही आला.

सर्व वाचकांच्या घरी श्रीदत्तगुरूंची आणि करवीरनिवासिनी महालक्ष्मीची कृपा नांदो. आणि या नाताळच्या सुटीत एका तरी पहाटे सर्वांची पाने एकत्र मांडली जावोत, हीच प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेवदत्त ॥